संगणकाचे हरवलेले घड्याळ

लखनौच्या इंदिरा नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी एके सकाळी काळजीने हाक मारली. विम्याचा हप्ता भरण्याचा तो अखेरचा दिवस होता आणि बँकेचे संकेतस्थळ उघडताच पडद्यावर धोक्याची सूचना येत होती. 'तरीही पुढे जा' हा पर्याय ते निवडणार, तोच मी त्यांना थांबवले. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, १ जानेवारी २०१०!

सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व अखेरीची तारीख असते. ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. पुढील तारखेचा धनादेश आज वटत नाही, त्याचप्रमाणे मागे पडलेल्या घड्याळाला खरे प्रमाणपत्रही अमान्य वाटते. परंतु बनावट संकेतस्थळावरही अशीच सूचना येऊ शकते. म्हणून ती डावलणे कधीही हिताचे नाही.

संगणक बंद असताना वेळ राखण्याचे काम मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी करते. बहुधा ती 'सीआर २०३२' असते. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट. तिच्या बळावर क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. भिंतीवरील बटण रोज बंद केल्यास सारा भार तिच्यावरच पडतो. काही वर्षांनी ती संपते आणि प्रत्येक वेळी संगणक सुरू करताच जुनी तारीख दिसू लागते.

भूतनाथ बाजारातून थोडक्या रुपयांत नवी बॅटरी आणली. बायोसमधील नोंदी आधी लिहून घेतल्या. बिटलॉकर वापरणाऱ्यांनी त्याची रिकव्हरी की जवळ ठेवावी. संगणक बंद करून वायर काढली, अंगातील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावला. कडेची खिटी दाबताच जुनी बॅटरी वर आली. नवी बॅटरी 'अधिक' खूण वर ठेवून बसवली आणि बायोसमध्ये तारीख व वेळ भरली. सूचना नाहीशी झाली आणि हप्ता दुपारपूर्वीच भरला गेला.

जुनी बॅटरी मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळल्यास दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. ती चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचरा संकलनात द्यावी.

याच शहरातील हुसैनाबादचे २२१ फुटी घंटाघर अनेक वर्षे बंद होते, तरी लखनौचे व्यवहार अडले नाहीत. घरातील हे चिमुकले घड्याळ थांबले, तर मात्र बँकेचे दारही उघडत नाही.