शेऱ्याचा रकाना

पहाटे ५:४५

मंचरहून निघतो तेव्हा हायवे मोकळा असतो. कळंब ओलांडलं की नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे निघालेले पिकअप पुढेमागे लागतात. उसाच्या पट्ट्यात मी उगाचच हॉर्न वाजवत जातो. आमच्या जुन्नर-आंबेगावात पहाटेचा हॉर्न बिबट्यासाठी असतो. नारायणगावात उजवीकडे खोडदची वाट धरली की थोड्याच वेळात शेतांच्या वर पहिली डिश दिसू लागते.

जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरात दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर पसरलेल्या. दोन टोकांमधलं सर्वांत लांब अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी या डिशचं अंग भरीव पत्र्याचं न ठेवता दोरखंडांवर ताणलेल्या तारेच्या जाळीचं केलं. वारा बराचसा आरपार जातो, म्हणून एवढा मोठा पसारा कमी खर्चात उभा राहिला. तरी वारा हा आमचा रोजचा पाहुणा, आणि आजची सकाळ त्याच्यापासूनच सुरू होते.

६:३०

रात्रपाळीच्या काकांकडून नियंत्रण कक्षाचा चार्ज घ्यायचा. काका जॅकेटची चेन लावत लावतच सांगतात, “तीन-दहाला वारं चढलं. चाळीसच्या वर गेलं तशा सगळ्या पार्क केल्या. चारला उतरलं, परत लावल्या. लिहिलंय सगळं.”

ताशी ४० किलोमीटरपर्यंत काम करायचं आणि १३३ पर्यंत तग धरायचा, हे डिशच्या आराखड्यातच ठरलेलं. वारा चढला की डिश थेट डोक्यावरच्या आभाळाकडे तोंड करून उभी करतात. तशी ती वाऱ्याला सर्वांत कमी अडते. आमच्या बोलीत याला पार्क करणं म्हणतात.

आता हीच गोष्ट दोन ठिकाणी नोंदलेली आहे. संगणकाच्या लॉगमध्ये: ०३:१०:४२, सर्व अँटेना, पार्क, आणि लॉगिनचं नाव. काकांच्या रजिस्टरमध्ये, शेवटच्या रकान्यात: ‘वारा ४४, चढता. पश्चिमेला विजा.’ तलाठ्याच्या कागदांपासून शाळेच्या हजेरीपर्यंत हा शेवटचा रकाना सगळीकडे असतो, वर ‘शेरा’ लिहिलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी तो कोराच असतो. माझा सगळा जीव त्या रकान्यात आहे. डिशखाली कुणी काम करणार होतं म्हणून पार्क केल्या असत्या, किंवा कुणाचं बोट चुकून पडलं असतं, तरी लॉगमधली ओळ अक्षर न् अक्षर तीच राहिली असती. आज्ञा एकच असते, तिच्यामागची कारणं पन्नास असू शकतात.

८:००

नवं निरीक्षण लावायचं. खगोलशास्त्रज्ञाने कमांड फाइल आधीच पाठवलेली असते. तो जगात कुठेही असेल, इथे असण्याची गरज नाही. आधी ३सी२८६ हा ओळखीचा, ठरलेल्या तेजाचा स्रोत बघायचा, म्हणजे पुढची मापं त्याच्याशी ताडता येतात. डिश आडव्या दिशेत मिनिटाला ३० अंश फिरते, उभ्या दिशेत २०. अगदी पाठमोरी असली तर वळायला सहा मिनिटं. नव्या लोकांना इथे घाई सुटते. पडद्यावर आकडा हलत नाही म्हणून तीच कमांड पुन्हा देतात.

डिशमधला सिग्नल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो, तिथे त्याचे आकडे होतात आणि ग्राफिक्स प्रोसेसर बसवलेल्या संगणकांच्या ताफ्यात तो जातो. प्रत्येक डिशचा सिग्नल इतर प्रत्येकीशी जुळवायचा. तीस डिशच्या जोड्या होतात ४३५, आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा. हे एका मशीनचं काम नाही, म्हणून क्लस्टर. क्लस्टर आला की एका आज्ञेच्या पोटात दहा आज्ञा असतात. आपण ‘सुरू’ म्हणतो. मग कुठल्या नोडवर, म्हणजे ताफ्यातल्या कुठल्या संगणकावर, काय चालू झालं, काय थांबलं, ते सॉफ्टवेअर आपलं आपण ठरवतं. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न तिथून अवघड व्हायला लागतो.

९:४०

घोडेगावची एक मुलगी सध्या आमच्याकडे शिकायला आहे. ती विचारते, “सर, लॉगमध्ये लॉगिनचं नाव येतंच की. मग वेगळं लिहायचं कशाला?”

तिला मी आधीच्या नोकरीतली गोष्ट सांगतो. पुण्यातली एक कंपनी, नाव सोडून देऊ. दोन सर्व्हरची जोडी होती, एक पडला की दुसऱ्याने डेटाबेस सांभाळायचा. एका रात्री त्यातला एक चालता चालता बंद झाला. तपासलं तर आज्ञा दुसऱ्या सर्व्हरवरून गेलेली. तिथे सगळे एकाच सामाईक नावाने लॉगिन करायचे, त्यामुळे दोन दिवस नुसता एकमेकांवर संशय. साहेबांनी चौघांना वेगवेगळं बोलावून विचारलं. लिनक्सची ऑडिट यंत्रणा चालू असती आणि प्रत्येक जण आपल्या नावाने आत आला असता, तर नंतर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, झाला तरी मूळ लॉगिनची ओळख पुसली गेली नसती. ती यंत्रणा बंद होती, आणि लॉगिन सामाईक असल्याने चालू असूनही फार फरक पडला नसता.

“मग कोणी केलं होतं?”

“कोणीच नाही.”

जोडी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव पेसमेकर. त्या रात्री नेटवर्कच्या स्विचवर काम चाललं होतं आणि एका सर्व्हरला दुसऱ्याची खबरबात मिळेना. तो मेला की फक्त मुका झाला, हे कळायला मार्ग नाही. दोघांनी एकाच डिस्कवर लिहायला घेतलं तर डेटाचं मातेरं. म्हणून नियमाप्रमाणे पहिल्याने दुसऱ्याची वीजच तोडली. या व्यवस्थेला असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ‘समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला’ अशा अर्थाचं नाव देऊन ठेवलंय. संगणकवाल्यांचा विनोद हा असाच. पण एक गोष्ट त्यांनी फार शहाणपणाची केली आहे. पेसमेकर निर्णय घेताना त्या घडीची सगळी परिस्थिती, म्हणजे कोण जिवंत, कोण गप्प, कुठलं काम कुठे, एका फाइलमध्ये ठेवून देतो. नंतर ती फाइल पुन्हा चालवून पाहता येते: एवढंच माहीत असताना सॉफ्टवेअरने काय ठरवलं असतं? आम्ही चालवली. तोच निर्णय आला. साहेबांनी मात्र चौघांपैकी कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

११:१५

चहा. मोबाइल बंद असतात, कारण मंगळावरच्या कुजबुजीला कान लावून बसलेल्या दुर्बिणीशेजारी मोबाइल म्हणजे ढोलताशा. मंगळ हा नुसता अलंकार म्हणून म्हणत नाही. १९ ऑक्टोबर २०१६ च्या संध्याकाळी खोडदच्या याच डिश युरोपच्या शियापरेली यानाचा क्षीण सिग्नल ऐकत होत्या. यान मंगळाच्या वातावरणात शिरत होतं. तिथून रेडिओलहर इथे यायला पावणेदहा मिनिटं लागत होती. सिग्नल येत राहिला आणि उतरण्याच्या ठरल्या वेळेच्या थोडं आधी थांबला.

थांबला हे खोडदला कळलं. का थांबला, हे त्या लहरीत नव्हतं. ते मिळालं मंगळाभोवती फिरणाऱ्या सोबतच्या यानाने टिपून ठेवलेल्या माहितीत. पॅराशूट उघडल्यावर यानाचं फिरणं मोजणारं उपकरण साधारण सेकंदभर आपल्या कमाल आकड्यालाच अडकून राहिलं. त्यावरून संगणकाने जे गणित केलं त्यात यानाची उंची शून्याच्याही खाली आली, म्हणजे यान जमिनीच्या आत! मग त्याने ओळीने आज्ञा सोडल्या: पॅराशूट तोडा, रॉकेटं तीन सेकंदांत बंद, जमिनीवर वापरायची उपकरणं चालू. यान तेव्हा ३.७ किलोमीटर वर होतं.

मी शिकाऊ मुलीला म्हणतो, “यातली एक तरी आज्ञा चुकीची होती का?” ती विचार करून म्हणते, “जमिनीवर पोचलं असतं तर सगळ्या बरोबर होत्या.” शाबास. माणसाने दिलेल्या आज्ञेचं कारण त्याच्या मनात असतं, तिथल्या तिथे लिहिलं नाही तर गेलं. यंत्राने दिलेल्या आज्ञेचं कारण त्याला त्या क्षणी दिसलेल्या आकड्यांत असतं. ते आकडे जपले नाहीत तर तेही गेलं. नुसत्या आज्ञांची यादी हाती असेल, तर शियापरेली वेडं झालं होतं एवढाच निष्कर्ष निघेल.

१२:३०

मेल. परदेशातल्या एका संशोधकाने आमच्या संग्रहातून जुना डेटा उतरवून घेतलाय. मूळ निरीक्षकाचा राखीव काळ, १८ महिन्यांचा, संपला की डेटा सगळ्यांना खुला होतो. म्हणजे आमच्या शेऱ्याचा खरा वाचक दोनेक वर्षांनी उगवतो, आणि त्याला इथलं कुणी ओळखत नाही. तो विचारतोय: पश्चिम बाहूवरची डब्ल्यू-०३ ही डिश मधली चाळीस मिनिटं जागची हललेली नाही, त्याआधीचा तिचा डेटा विश्वासाचा धरायचा की तोही टाकायचा?

प्रश्न चोख आहे. डिश फिरवणाऱ्या यंत्रणेतच काही बिघडून थांबली असेल, तर आधीचाही डेटा संशयास्पद. बाहेरच्या कारणाने मुद्दाम थांबवली असेल, तर आधीचा चांगला. लॉगमध्ये आहे फक्त ‘थांबा’ आणि चाळीस मिनिटांनी ‘चालू’.

पल्सारवाल्यांचं, म्हणजे त्या ताऱ्यांच्या स्पंदनांच्या वेळा मोजणाऱ्यांचं, तर याहून कडक असतं. २९ जून २०२३ ला जगभरच्या अशा गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला; त्यात युरोपीय गटाबरोबर आपला इनप्टा गट होता, आणि त्याचा डेटा याच दुर्बिणीचा. ते लोक वर्षानुवर्षांच्या नोंदींत सेकंदाच्या दशलक्षांशाहून लहान फरक शोधतात. मध्येच कुठे वेळेची बारीकशी उडी दिसली, तर ती आकाशातली की कुणी मशीन पुन्हा सुरू केल्याने आलेली, हे सांगणारं कागदाशिवाय कोण आहे?

१:४५

डबा खाऊन रजिस्टरांच्या कपाटाशी. तारीख सापडते, पान सापडतं, शेऱ्यात निळ्या शाईत: ‘डब्ल्यू-०३ खाली आग्या मोहोळ उठलं. पोरं शिडीवर. डिश हलवू नये. पोरं उतरल्यावर चालू.’ अक्षर काकांचं.

मोहोळाला इंग्रजीत काय लिहावं यावर थोडी चर्चा होते. शेवटी ‘रानमधमाश्यांमुळे, सुरक्षेसाठी थांबवली, यंत्रणेत दोष नव्हता, आधीचा डेटा वापरण्याजोगा’ असं उत्तर जातं.

३:००

पाळी संपता संपता जुनाच वाद निघतो: संगणकावर कमांड देतानाच कारण विचारणारी चौकट ठेवायची का? कारण लिहिल्याशिवाय कमांड पुढे जाणार नाही, अशी. दाखले आहेत. मोठ्या संगणकताफ्यांवर काम वाटून देणाऱ्या स्लर्ममध्ये एखादा नोड बाजूला काढायचा तर कारण द्यावंच लागतं, आणि एका आदेशात सगळ्या बाजूला काढलेल्या नोडची यादी कारणासकट, नावासकट, वेळेसकट समोर येते. मला ती सोय फार आवडते. पण सक्ती केली की लोक काय लिहितात तेही पाहिलंय: ‘टेस्ट’, ‘काम’, नाहीतर नुसतं टिंब.

एकाचं म्हणणं, तयार यादी द्या: वारा, वीज, देखभाल, इतर. निवडायला सोपं. मी याच्या ठाम विरोधात. महिन्याभरात निम्म्या नोंदी ‘इतर’ होतील, आणि आग्या मोहोळ कुठल्याच यादीत नसतं. माझी सूचना अशी: आकडे यंत्राने आपोआप जोडावेत, म्हणजे कमांडच्या क्षणीचा वारा, डिशची दिशा, चालू असलेली कमांड फाइल. माणसाने एकच ओळ लिहावी, मराठीत लिहिली तरी चालेल. आणि आणीबाणीत चौकट आडवी येऊ नये. चाळीसच्या वर वारा गेल्यावर कुणी शुद्धलेखन तपासत बसणार नाही. आधी पार्क, मग दहा मिनिटांत कारण.

दुपारपाळीचा माणूस येतो. शिकाऊ मुलीने आज पहिल्यांदा एक डिश स्वतः थांबवली होती, तिचा शेरा मी वाचतो: ‘सरांच्या सांगण्यावरून.’ मी वही तिच्याकडे परत सरकवतो. ती ओळ खोडते, खाली लिहिते: ‘ग्रीसिंगसाठी. दोन माणसं वर. त्यांनी फोनवर उतरल्याचं सांगितल्यावरच सोडणे.’ दुपारपाळीवाला ती वाचतो, घड्याळ बघतो आणि त्या डिशला फोन लावतो.