ऐन फाईटलाच चित्र का फुटतं?

या आठवड्यात हिंदी डबिंगवर लिहायचं कबूल केलं होतं. ते एक आठवडा पुढं ढकलतोय. लासुर्ण्याहून एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि तो इतका नेमका आहे की चार ओळींत उरकणं बरं नव्हे. हा सगळा भाग त्यालाच.

पोरगा बारामतीला कॉलेजात आहे. घरी ऊस. रात्रीची लाईट असली की दारं धरायला तोच जातो, आणि सरी भरेपर्यंत बांधावर बसून मोबाईलवर 'डेमन स्लेयर' बघतो. तो लिहितो : "गप्पा चालू असतात, जेवण चालू असतं, तोवर चित्र एकदम क्लिअर. फाईट रंगात आली की ठोकळे पडायला लागतात. मोबाईल तोच, नेट तेच, बसायची जागा तीच. मग ऐन वेळेलाच असं का होतं?"

त्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, आणि हा योगायोग नाही. याचं अर्धं कारण जपानमधल्या चित्रकाराच्या टेबलावर आहे, अर्धं आपल्या मोबाईलमध्ये.

सेकंदाला चोवीस फ्रेमचा हिशेब मागच्या वेळी झालाय, त्यामुळं थेट पुढं जातो. जपानी टीव्हीवरचं ॲनिमे उभं राहिलं ते काटकसरीवर. ओसामू तेझुका यांचा 'टेत्सुवान आटोमू' 1 जानेवारी 1963 ला फुजी टीव्हीवर सुरू झाला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, तर प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढणं शक्यच नव्हतं. मग एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. बोलताना चेहरा तोच ठेवायचा, फक्त तोंड हलवायचं. डोंगर-आकाश एकदाच रंगवायचं आणि कॅमेऱ्यापुढून सरकवायचं. ही शिस्त आजही चालू आहे. 'नारुतो'चे 220 भाग आणि त्याच्याच पुढच्या 'शिप्पुदेन'चे 500, मिळून 720. एवढे सगळे भाग एकाच ताकदीनं काढायला कुणाचे हात पुरणार? म्हणून मेहनत राखून ठेवायची आणि मोक्याच्या भागात ओतायची. पहिल्या 'नारुतो'चा 133वा भाग आठवा. दरीत, धबधब्यापाशी नारुतो आणि सासुके एकमेकांवर तुटून पडतात तो. दिग्दर्शन अत्सुशी वाकाबायाशी यांचं, आणि मारामारीच्या चित्रांत नोरिओ मात्सुमोतो यांचा हात. तिथं चित्र धरून ठेवणं संपतं, दर क्षणाला नवी रेघ येते.

आता मोबाईलची बाजू. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080 पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे 62 लाख बाइटची. सेकंदाला 24 फ्रेम आणि 24 मिनिटांचा एपिसोड, म्हणजे जवळजवळ 215 जीबी. तोच एपिसोड 2 एमबीपीएसनं आला तर तुमच्या डेटातून फक्त 360 एमबी जातात. सहाशे हिश्शांतला एक हिस्सा! बाकीचं जातं कुठं?

युक्ती अशी. पूर्ण चित्र अधूनमधून एकदाच पाठवायचं, मधल्या फ्रेमसाठी फक्त काय बदललं तेवढं कळवायचं. सगळ्यात जास्त चालणाऱ्या एच.264 पद्धतीत त्यासाठी चित्राचे 16 बाय 16 पिक्सेलचे चौकोन पाडतात. चौकोन होता तिथंच असला तर जवळजवळ काहीच पाठवावं लागत नाही. नुसता बाजूला सरकला असेल तर "इतका सरकला" एवढं सांगितलं की भागतं.

तेझुकांच्या काटकसरीशी हे जुळवून बघा. एक चित्र तीन फ्रेम धरलंय? मग दोन फ्रेम जवळजवळ फुकट. नुसतं तोंड हलतंय? चार-दोन चौकोनांचं काम. पार्श्वभूमी सरकतेय? सगळे चौकोन एकाच दिशेला सरकवा. चित्रकारानं जिथं हात राखला, नेमका तिथंच डेटाही वाचतो. म्हणून गप्पांचा प्रसंग कमी नेटवरही लख्ख दिसतो.

फाईट सुरू झाली की दोन्ही काटकसरी एकदम संपतात. दर फ्रेमला नवी रेघ, गरगर फिरणारा कॅमेरा, धूळ, ठिणग्या, फुटलेले दगड. ठिणगी मागच्या फ्रेममध्ये नव्हतीच, तर ती कुठून सरकली हे सांगणार कसं? पाटाला पाणी तेवढंच आणि भिजवायचं रान अचानक दसपट व्हावं, तशी गत होते. सेकंदाला मिळणारा डेटा ठरलेला, त्यात सगळं बसवायचं. मग आधी बारीक तपशील टाकून देतात, आणि उरलेल्या जाडसर चित्रात ते 16 बाय 16 चे चौकोन उघडे पडतात. वाचकाला दिसले ते हेच ठोकळे.

मला यात जे सांगायचंय ते एवढंच : ज्या दोन मिनिटांत चित्रकारानं सगळ्यात जास्त रक्त आटवलं, तीच दोन मिनिटं आपल्याला सगळ्यात खराब दिसतात. हे सहज टाळता येतं, आणि ॲनिमेवर जीव असेल तर टाळलंच पाहिजे.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. 'डेमन स्लेयर'चा 19वा भाग, 10 ऑगस्ट 2019 ला जपानमध्ये दाखवलेला. नायक तांजिरो आणि राक्षस रुईची लढत. रुईचे धागे लालभडक आणि केसासारखे बारीक, मागं काळोखी रान. मोबाईलवर येणाऱ्या व्हिडिओत उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, पण रंगाची माहिती चार पिक्सेल मिळून एकदाच साठवतात, कारण माणसाच्या डोळ्याला रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. एरवी हे चालून जातं. पण काळ्यावर लाल रेघ असली की ती कडेनं पसरते, आणि वर डेटा कमी पडला तर धागा मधेच तुटल्यासारखा दिसतो. जो धागा तांजिरोचा गळा घ्यायला आलाय तोच दिसला नाही, तर त्याची तलवार कशाशी झुंजतेय हे कळणार कसं? तांजिरोच्या तलवारीभोवतीच्या निळ्या पाण्याची आग होते तो क्षण 480पी वर बघितलेल्यांनी एकदा 1080पी वर बघावा. पाण्याला जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांसारखी जाड-बारीक रेघ आहे, ती तेव्हा दिसते.

पण दिसलेली प्रत्येक मोडतोड डेटाचीच असते असं नाही. इथं बरेच जण फसतात.

'शिप्पुदेन'चा 167वा भाग, नारुतो आणि पेनची लढाई. तो पॉज करून काढलेले स्क्रीनशॉट अजून फिरतात : चेहरा रबरासारखा ताणलेला, हात वेडावाकडा. हा भागही वाकाबायाशी यांचाच. ते चित्र तसंच काढलेलं आहे. वेग दाखवायचा तर मधलं चित्र ताणावं लागतं, आणि ते थांबवून बघण्यासाठी नसतंच. सलग चालू द्या, फटक्याचं वजन जाणवेल. दुसरं उदाहरण, ॲनिमेटर युताका नाकामुरा. 'माय हिरो अकॅडेमिया'त 2017 साली आलेली डेकू आणि तोदोरोकीची लढत बघा. शेवटच्या स्फोटातलं त्यांचं काम जगभर नावाजलं गेलं. या माणसाच्या चित्रांत फुटलेले दगड चक्क ठोकळ्यांच्या आकाराचे उडतात, ती त्यांची सहीच आहे. तेव्हा चौकोन दिसला की लगेच नेटला शिव्या घालू नका. पॉज करा आणि कड बघा. आकार कसाही असो, बाहेरची काळी रेघ अखंड असेल तर ते चित्रकाराचं काम. रेघेभोवती मळकट डाग आणि पायऱ्या दिसल्या तर डेटा कमी पडलाय.

तिसरा प्रकार आणखी वेगळा आहे. घाव बसायच्या क्षणी चित्र ठोकळे न पडता नुसतं काळवंडतं. त्यामागं एक गंभीर घटना आहे. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये 'पोकेमॉन'चा 38वा भाग लागला. त्यात एका स्फोटाला लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण 12 वेळा आलटून-पालटून झळकला. बघणाऱ्या मुलांना चक्कर, उलट्या, काहींना फिट आली. 685 मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली. 1998 मध्ये तिथल्या वाहिन्यांनी नियम केले : झगझगाटाला, त्यातही लाल रंगाच्या, मर्यादा. तेव्हापासून टीव्हीसाठीच्या प्रतीत असे क्षण मुद्दाम मंद करतात. मोबाईलवर पुष्कळदा तीच प्रत येते. जपानी भागाच्या सुरुवातीला एक सूचना दिसते, खोलीत उजेड ठेवा आणि पडद्यापासून लांब बसा अशी. ती याच घटनेमुळं आली.

बांधावर रात्री बघणाऱ्यांना म्हणून कळकळीनं सांगतो : गडद काळोखात फुल ब्राइटनेसवर, मोबाईल नाकाशी धरून फाईट बघू नका. जवळ बॅटरी लावून ठेवा. घरात कुणाला फिटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता नेटचं. बारामतीहून इंदापूरच्या गाडीत बसलात की भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी करत जाताना रेंज सारखी वर-खाली होते. ॲपमध्ये क्वालिटी 'ऑटो'वर असेल तर ते दर काही सेकंदांचा तुकडा वेगळ्या दर्जाचा मागवतं, आणि रेंज पडली की पुढचा तुकडा हलका येतो. रानात तर उसाचीही भर. ओल्या पानांतून जाताना रेडिओ लहरींचा जोर कमी होतो, आणि जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितका जास्त. ऊस डोक्याच्या वर गेल्यावर बांधावर जी रेंज मिळत नाही, ती तोड झाल्यावर मिळते, हे मी स्वतः पाहिलंय.

म्हणून उपाय साधा. ज्या भागात मोठी फाईट आहे तो घरी किंवा कॉलेजात चांगल्या नेटवर असताना, वरच्या दर्जाला डाऊनलोड करून ठेवा. डाऊनलोड केलेला भाग रेंज बघून दर्जा बदलत नाही. डेटा पुरत नसेल तर पूर्ण एपिसोड साध्या दर्जावर बघा आणि फक्त फाईटची दोन मिनिटं 1080पी वर पुन्हा बघा. 5 एमबीपीएस धरले तरी दोन मिनिटांना 75 एमबी लागतात, दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये हे सहज बसतं. टेलिग्रामवर फिरणाऱ्या 90 एमबीच्या फाईलचा हिशेब मात्र करून बघा : जेमतेम अर्धा एमबीपीएस. शिवाय ती आधीच दाबलेल्या व्हिडिओवरून पुन्हा दाबलेली, त्यामुळं ठोकळ्यांवर ठोकळे. क्रंचीरोल, नेटफ्लिक्स किंवा म्यूझच्या यूट्यूब चॅनेलवरचं मूळचं बघा. चित्रकाराच्या कष्टाचा मानही त्यात राहतो.

आणि एक. चित्र बोटांनी ताणून अख्खा स्क्रीन भरू नका. ॲनिमे 16 बाय 9 मध्ये काढतात, आजचे बरेच मोबाईल 20 बाय 9 चे. ताणलं की वर-खाली मिळून चित्राचा पाचवा हिस्सा कापला जातो. उडी मारलेल्याचे पाय आणि वर उगारलेली तलवार त्यातच जातात. दोन्ही कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

या आठवड्याचा अभ्यास : 'नारुतो'चा 133वा भाग मिळेल त्या सर्वांत वरच्या दर्जाला बघा, फाईटमध्ये कुठंही पाच वेळा पॉज करा, आणि प्रत्येक वेळी ठरवा की समोर दिसतंय ते चित्रकारानं काढलंय की डेटानं खाल्लंय. उत्तरं कळवा, निवडक छापू.

पुढच्या वेळी डबिंग नक्की. सुरुवात 'जंगल बुक'पासून करू. दूरदर्शनवर गाजलेली ती मालिका 1989 ची, निप्पॉन ॲनिमेशननं काढलेली, म्हणजे अस्सल ॲनिमेच. तिच्या हिंदीतल्या शेरखानला आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनी. खलनायकाचा दरारा आवाजानं कसा उभा राहतो हे शिकायला त्याहून चांगला धडा नाही.