मनांतला हातचा

आठ-नऊ वर्षांच्या मुलास '४७ गुणिले ६' हें उदाहरण तोंडीं करावयास सांगितलें, म्हणजे तो 'सहा साते बेचाळीस' म्हणून दोन धरतो, चार हातचे ठेवितो, 'सहा चोक चोवीस' म्हणतो आणि ते चार त्यांत मिळवून २८२ हें उत्तर देतो. पाढे त्याला कायमचे पाठ आहेत. परंतु ते चार हातचे त्यानें क्षणभर ठेविले कोठें? मनाच्या या शक्तीस मानसशास्त्रज्ञ कार्यकारी स्मृति म्हणतात. ही स्मृति म्हणजे धान्याचें कोठार नव्हे. कोठारांतून काढलेलें धान्य ज्यांत घेऊन निवडावयाचें, तें सूप होय.

हें सूप फार लहान आहे. १९५६ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज मिलर यांनीं ऐकतांक्षणीं ध्यानांत राहणाऱ्या वस्तूंची मर्यादा सुमारें सात सांगितली. २००१ सालीं नेल्सन कोवन यांनीं ती सुमारें चारांवर आणिली. शिवाय तेथें कांहीं फार वेळ टिकतही नाहीं. १९५९ सालीं लॉइड व मार्गारेट पीटरसन यांनीं लोकांना तीन अक्षरें ऐकवून लगेच तीन-तीन वजा करीत उलट मोजावयास लाविलें. अठरा सेकंदांत तीं अक्षरें बहुतेक पुसून गेलीं!

१९७४ सालीं ब्रिटनमधील ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनीं या स्मृतीची घटना उलगडून दाखविली. तिचा एक भाग ऐकलेलें मनांत घोळवितो, दुसरा चित्र डोळ्यांपुढें धरतो आणि तिसरा लक्ष कोठें द्यावयाचें तें ठरवितो. म्हणून भाजी निवडीत गोष्ट ऐकतां येते. परंतु कोणी आंकडे बोलत असतां मनांत दुसरा हिशेब करणें जड जातें.

ओझें हलकें करण्याचा उपाय मात्र आहे. १८१८१८५७१९४७ हे बारा आंकडे सुटे सुटे राहात नाहींत. पण पेशवाईचा शेवट, सत्तावनचा उठाव व स्वातंत्र्यप्राप्ति हीं तीन सालें ओळखलीं, कीं ओझें तिहींचेंच उरतें. पाठांतरास सरसहा घोकंपट्टी म्हणून हिणविणें आम्हांस यासाठींच मान्य नाहीं. ज्याचे पाढे पाठ आहेत, त्याचें सूप विचारासाठीं मोकळें राहातें.

आतां घरांतील व्यवहार पाहूं. "दप्तर ठेव, हातपाय धू, आजोबांना चहा नेऊन दे आणि येतांना वर्तमानपत्र आण," असें एका दमांत सांगितल्यावर मूल दुसऱ्याच कामापाशीं थबकतें आणि आपण त्यास वेंधळें किंवा उद्धट ठरवितों. वास्तविक ही शक्ति बाल्यांत अपुरी असून वयाबरोबर वाढत जाते. तिला मोठ्यांचें माप लावणें हा अन्याय होय. एका वेळीं एकच काम सांगावें, तें मुलाकडून वदवून घ्यावें, लांब उदाहरण पायरीपायरीनें कागदावर मांडूं द्यावें. उतारवयांतही ही शक्ति मंदावते. तेव्हां बोलतां बोलतां धागा हरवलेल्या वडीलधाऱ्यांसही हीच सवलत असावी.

'मंद' हा शिक्का वरचेवर कानीं पडला, कीं मूल स्वतःही तो खरा मानूं लागतें. तो मारण्यापूर्वीं त्या इवल्याशा सुपांत आपण एका वेळीं किती ओतलें, हें आईबापांनीं मोजून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.