भुयारात उतरायचंय? फासा टाका!

बेलापूरच्या किल्ल्यातून खाडीखालून थेट घारापुरीपर्यंत भुयार होतं, अशी आख्यायिका नवी मुंबईत सांगितली जाते. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे चार धनी पाहिलेल्या या किल्ल्याचे आज थोडेच अवशेष उरलेत. पण टेबलटॉप रोलप्लेइंग गेम नव्याने खेळणाऱ्यांसाठी मला याहून चांगली जागा सुचत नाही.

समजा, रविवारी दुपारी नेरुळच्या एका घरात पाच जण जमलेत. एकजण सूत्रधार, म्हणजे गेम मास्टर. उरलेल्या चौघांनी एकेक पात्र घेतलंय. सूत्रधार सांगते, ‘‘भरतीचं पाणी गुडघ्याला लागलंय. समोर गंजलेलं लोखंडी दार. काय करताय?’’

‘‘मी पहार घालून दार उचकटतो,’’ दिवाळे कोळीवाड्यातला नावाडी झालेला म्हणतो.

‘‘थांब, आधी मी कान लावते. पलीकडे कुणी आहे?’’

‘‘आहे. कुणीतरी पोर्तुगीजमध्ये कुजबुजतंय.’’

हाच खेळ. बोर्ड नसला तरी चालतं. सूत्रधार प्रसंग उभा करते, खेळाडू आपलं पात्र काय करतंय ते सांगतात आणि गोष्ट पुढे सरकते. शेवट कुणालाच ठाऊक नसतो, सूत्रधारालाही. कुणी कुणाला हरवतही नाही, सगळे एकाच बाजूचे.

मग फासा कशाला? जे जमेल की नाही सांगता येत नाही, त्याचा निवाडा करायला. दार उघडायला १५ हवेत असं सूत्रधाराने ठरवलं. नावाडी अंगापिंडाने दणकट, म्हणून त्याला ३ जास्तीचे मिळतात. वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर पडलं की काम फत्ते. शक्यता ४५ टक्के. पण दुसरीनेही पहारीला हात लावला, तर नावाडी दोन फासे टाकतो आणि त्यातला मोठा आकडा धरतो. शक्यता जवळजवळ ७० टक्क्यांवर जाते. एकमेकांना हात देणाऱ्यांचं पारडं जड करणारा हा नियम मला या खेळातला सगळ्यात सुंदर नियम वाटतो.

हा नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतला. मूळ खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४मध्ये काढला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. त्याआधी टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळल्या जात. या दोघांनी खेळाडूच्या हातात फौजेऐवजी एकच माणूस दिला. त्या एका बदलाने नाव, भीती, स्वभाव, जुनं वैर हे सगळं खेळात आलं.

चेटूक-राक्षस नको असतील, तर १९८१पासून चालत आलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ आहे. त्यात साधीसुधी माणसं अमानवी गोष्टींच्या मागावर निघतात. नारायण धारपांवर पोसलेल्या वाचकाला तिथे घरच्यासारखंच वाटेल. आणि परदेशी किल्ल्यांतच फिरलं पाहिजे असंही नाही. २०२२मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या अधिकृत पुस्तकात मिमी मंडल यांनी बंगालवर बेतलेली साहसकथा लिहिली. मग कर्नाळ्याचा सुळका किंवा खारघरचा पांडवकडा का नको?

नवख्यांना माझं कळकळीचं सांगणं एकच: मराठीत खेळा. इंग्रजी पुस्तक समोर आलं की अनेकांची जीभ अडते, आणि खेळ तर सगळा बोलण्याचा. नियम एकाने वाचले तरी पुरे. प्राथमिक नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. फासे नसतील तर मोबाइलवर टाका. पहिल्या खेपेला तयार पात्रं घ्या आणि तीन-चार तासांत संपणारी गोष्ट, म्हणजे ‘वन-शॉट’, निवडा. वर्षभर चालणारं कॅम्पेन नंतर बघू.

सूत्रधाराने मोठाली वर्णनं पाठ करू नयेत. दोन वाक्यं सांगावीत आणि विचारावं, ‘‘आता काय?’’ जो गप्प बसलाय त्याला नावाने विचारावं, तेही त्याच्या पात्राच्या नावाने. लाजरी माणसं पात्राच्या आडून भडाभडा बोलू लागतात. कुणाला कुठला विषय सहन होत नसेल, तर तो सुरुवातीलाच विचारून बाजूला ठेवावा. पोरं बुडण्याचा प्रसंग एखाद्याला खेळातही नको असतो. पात्र मेलं तर वाईट वाटतं, वाटू द्यावं. चहा होईपर्यंत नवं पात्र तयार होतं आणि पुढच्याच वळणावर बाकीच्यांना भेटतं.

आणि उठायच्या आधी पुढची तारीख ठरवा. कुणाची शिफ्ट, कुणाच्या मुलांची परीक्षा, रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक. राक्षसांपेक्षा तारखा न जुळल्यानेच जास्त ग्रुप मोडतात.