पॉवरबोटीचा वेग: तळाविषयीचे काही पक्के गैरसमज

पॉवरबोट घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिनाची हॉर्सपॉवर विचारतो. बोट पाण्याबाहेर असताना खाली वाकून तिचा तळ पाहणारे थोडेच असतात. पण त्या इंजिनाची ताकद वेगात उतरणार, की नुसत्या लाटा उसळवण्यात खर्च होणार, हे मुख्यतः तळाचा आकार आणि बोटीचं वजन ठरवतं.

गैरसमज: इंजिन दुप्पट केलं की वेग दुप्पट

संथ चालणारी बोट पाणी बाजूला सारत पुढे जाते आणि तिच्या पुढच्या टोकाशी एक लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. ती बोटीच्या पाण्यातल्या लांबीइतकी झाली की बोट दोन उंचवट्यांच्या मधे अडकते. यापुढचा प्रत्येक नॉट म्हणजे स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढणं. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात छोटी मॉडेलं पाण्यातून ओढून या लाटांचा हिशोब मांडला. त्यावरून आलेलं ढोबळ गणित असं: पाण्यातली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं. २५ फुटांच्या बोटीसाठी उत्तर येतं ६.७ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम साडेबारा किलोमीटर.

स्पीडबोट यातून सुटते ती पाण्याच्या वर येऊन. तिच्या तळाचा मागचा भाग बऱ्यापैकी सपाट आणि रुंद असतो. वेग पुरेसा झाला की तळावर आदळणारं पाणी बोटीला वर उचलतं, पाण्याला टेकलेला भाग कमी होतो आणि बोट पृष्ठभागावरून घसरत धावते. याला प्लेनिंग म्हणतात. गोल तळाच्या, मागे निमुळत्या होत गेलेल्या जड बोटीला असा उठाव मिळतच नाही. तिला मोठं इंजिन बसवलं तर मागचा भाग खाली बसतो, पुढचा वर होतो आणि डिझेल मात्र भराभर संपतं.

प्लेनिंग बोटीतही दुप्पट इंजिनाचा हिशोब जुळत नाही. अमेरिकन डिझायनर जॉर्ज क्राउच यांच्या नावाने चालणाऱ्या सूत्रानुसार वेग वाढतो तो हॉर्सपॉवर आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे. १०० हॉर्सपॉवरवर ३० नॉट धावणारी बोट २०० वर साधारण ४२ नॉट गाठेल, आणि तेही वजन तेवढंच राहिलं तर. प्रत्यक्षात मोठं इंजिन जड असतं, त्याला टाकीही मोठी लागते, म्हणून हातात येतं ते याहून कमी.

गैरसमज: प्लेनिंग नसेल तर ती १.३४ ची मर्यादा ओलांडताच येत नाही

चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ने हे १८९७ मध्येच खोटं ठरवलं. ही बोट शंभर फुटांहून थोडी लांब आणि रुंदीला जेमतेम नऊ फूट होती. वरच्या सूत्राने तिचा वेग १४ नॉटच्या आतच भरतो. स्पिटहेडला राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात ती ३४ नॉटच्या आसपास धावली. तिच्यात वाफेची टर्बाइन होती हे खरंच, पण अंग इतकं सडपातळ असल्यामुळे तिची लाटच लहान उठत होती. कॅटामरानचे दोन अरुंद तळ याच तत्त्वावर काम करतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरानमध्ये बसलात तर दोन तळांच्या मधून वाहणारं पाणी जरूर पाहा.

गैरसमज: सपाट तळाची बोट सगळ्यांत वेगवान

शांत तलावात हे बरंचसं खरं आहे. सपाट तळ लवकर उचलला जातो आणि त्याला ताकद कमी लागते. पण समुद्र तलावासारखा वागत नाही. दुपारनंतर वारा सुटून पाणी खवळलं की सपाट तळ प्रत्येक लाटेवर धाडकन आपटतो. मग इंजिन कितीही ताकदीचं असो, चालवणाऱ्याला हात आखडावाच लागतो.

इथे बोटींचे आराखडे करणारे रे हंट यांचं काम मला फार मोठं वाटतं. १९६० च्या आधीच्या बऱ्याच वेगवान बोटींचा तळ पुढे धारदार असे आणि मागे जाता जाता सपाट होई. हंट यांनी व्ही आकार तसाच शेवटपर्यंत नेला, अगदी मागच्या फळीपाशीही साधारण २४ अंशांचा उतार ठेवला. शिवाय तळाला लांबीच्या दिशेने अरुंद पट्ट्या दिल्या, त्या फवारा बाहेर फेकतात आणि थोडा उठावही देतात. डिक बर्ट्रम यांनी या तळाची ‘मॉपी’ ही लाकडी बोट बांधून घेतली आणि १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत उतरवली. समुद्र खवळलेला होता. ‘मॉपी’ सुमारे आठ तासांत पोहोचली. तिच्यामागून आलेली बोटही हंट यांच्याच आराखड्याची, अवघी २३ फुटी होती. बाकीच्यांना नासाऊ गाठायला दुसरा दिवस उजाडला. पुढे ‘मॉपी’वरूनच साचा घेऊन फायबरग्लासची बर्ट्रम ३१ निघाली. शांत पाण्यात या तळापेक्षा जलद धावणारे तळ होते, पण त्या दिवशी समुद्रात वेग टिकवून धरला तो याच तळाने.

म्हणून व्ही जितका खोल तितकी बोट चांगली, असंही समजू नये. खोल व्हीला उचलायला जास्त ताकद लागते आणि उभी असताना अशी बोट डोलते फार. खाडीत गळ टाकून बसणाऱ्याला किंवा बॅकवॉटरमध्ये पर्यटक फिरवणाऱ्याला १२–१५ अंशांचा उतार पुरेसा असतो.

गैरसमज: नाक वर केलेली बोट जोरात धावते

फोटोत ती तशी दिसते खरी. प्रत्यक्षात नाक सगळ्यांत वर असतं ते प्लेनिंगला येण्याच्या आधी, लाटेचा चढ चढताना. इंधन सगळ्यांत जास्त वाया जातं ते तिथेच, आणि चालवणाऱ्याला समोरचं दिसतही नाही. नीट धावणारी बोट साधारण ३ ते ५ अंशच वर झुकलेली असते.

गैरसमज: तळाला पायऱ्या असल्या की वेग फुकट वाढतो

तळावर आडवी पायरी दिली की तिच्यामागे हवा शिरते आणि पाण्याचं घर्षण घटतं. कल्पना जुनी आहे. १८७२ मध्ये रॅमस नावाच्या इंग्रज पाद्र्याने ती ब्रिटिश नौदलापुढे मांडली होती, आणि तिची चाचणी घेतली ती फ्राउड यांनीच. त्या काळची जड वाफेची इंजिनं असा तळ उचलूच शकत नव्हती. हलकी पेट्रोल इंजिनं आल्यावर मात्र १९१२ मध्ये ‘मेपल लीफ ४’ या पायऱ्यांच्या बोटीने हार्म्सवर्थ चषक जिंकला. फायदा मिळतो तो मोठ्या वेगातच. कमी वेगात पायऱ्या उलट पाणी ओढतात. अचानक तीव्र वळण घेतलं तर तळाची पकड सुटून बोट गरकन फिरू शकते, माणसं बाहेर फेकली जाऊ शकतात. शिकाऊ माणसाच्या हाती अशी बोट देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोट घ्यायची असेल तर विक्रेत्याकडून मागच्या फळीपाशी तळाचा उतार किती अंशांचा आहे ते विचारून घ्या. चाचणी सकाळच्या शांत पाण्यात एकट्याने घेऊ नका. टाकी भरलेली आणि नेहमीएवढी माणसं बरोबर असू द्या, वारा सुटल्यावर बाहेर पडा, आणि तेव्हा जो वेग आरामात टिकेल तोच तुमच्या बोटीचा वेग धरा.