घरी बांधलेल्या गाडीला पॉवर स्टेअरिंग : हात हलका होतो, जबाबदारी नव्हे

गोव्यातून अनमोड घाट चढून रामनगरमार्गे गणेशगुडीला जाणाऱ्यांना काळी नदी, सुपा धरण आणि जंगलवाटांवरच्या उघड्या जीपगाड्या परिचयाच्या आहेत. नदीकाठच्या अरुंद जागेत जुनी जीप वळविताना चालकाचे खांदे कसे भरून येतात, हेही अनेकांनी शेजारच्या आसनावरून पाहिले असेल. अशी जुनी जीप नव्याने बांधणारे किंवा सांगाडा, इंजिन आणि आस निरनिराळ्या ठिकाणांहून जमवून स्वतःची गाडी उभी करणारे हौशी कारागीर आपल्याकडे आहेत. ‘हिला पॉवर स्टेअरिंग बसविता येईल का?’ हा प्रश्न त्यांना कधी ना कधी पडतोच. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. मात्र स्टेअरिंग जड का झाले, हे आधी शोधले पाहिजे.

जडपणाचे कारण

उभ्या गाडीचे चाक वळविताना टायर जमिनीवर घासत फिरतो, म्हणून तेव्हा सर्वाधिक जोर लागतो. गाडी हलू लागताच हा विरोध झपाट्याने घटतो. पुढच्या आसावरचा इंजिनाचा भार, रुंद टायर आणि टायरमधील कमी हवा यांमुळे तो वाढतो. 40 सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर 50 न्यूटन, म्हणजे पाच किलो वजन उचलण्याइतका जोर लावला, तर दांड्यावर 10 न्यूटन-मीटर पीळ मिळतो. जुन्या गाड्यांत हा पीळ वाढविण्यासाठी स्टेअरिंग मोठे ठेवीत आणि स्टेअरिंग बॉक्समधील दात्यांचे गुणोत्तर वाढवीत. मग जोर कमी लागे, पण वेढे जास्त घ्यावे लागत.

म्हणून पहिली तपासणी साधी आहे. टायरमध्ये पुरेशी हवा आहे का, पुढच्या चाकांचे सांधे वंगणाअभावी अडकले आहेत का, स्टेअरिंग बॉक्समध्ये तेल आहे का, दांड्यांना ढिलाई आहे का, हे पाहावे. अडकलेल्या सांध्यावर मोटार बसविली, तर दोष जात नाही. तो फक्त हाताला जाणवेनासा होतो.

दोन मार्ग

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने 1920 च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग विकसित केले. विक्रीच्या मोटारीत ते 1951 मध्ये क्रायसलर कंपनीने आणले. यात इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि तेलाचा दाब चाके वळविण्यास साह्य करतो. घरच्या गाडीत त्यासाठी पंपाला जागा, पट्ट्याची अचूक रेषा, दाब सहन करणाऱ्या नळ्या आणि योग्य स्टेअरिंग बॉक्स हे सारे जुळवावे लागते.

विजेवर चालणारा प्रकार 1988 मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या मोटारीत आला. आज आपल्या रस्त्यांवरील अनेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्यावरच मोटार बसविलेली असते. चालकाने किती पीळ दिला, हे संवेदक मोजतो आणि नियंत्रक त्या प्रमाणात मोटारीला वीज देतो. पंप आणि तेल नसल्यामुळे हौशी कारागिरांना हाच मार्ग सोपा वाटतो. तरी त्यात चार खाचखळगे आहेत.

पहिला, मोटारीचा वाढीव पीळ खालच्या दांड्यांतून व सांध्यांतून जातो. जुने सांधे तेवढे भक्कम हवेत आणि दांडा कापून साध्या वेल्डिंगने जोडण्याचा मोह टाळायला हवा. दुसरा, मोटार जितका पीळ देते, तितकाच उलटा धक्का तिच्या बैठकीला बसतो. पातळ पत्र्यावरची बैठक वाकते. तिसरा, उभ्या गाडीत वळविताना ही मोटार बरीच वीज ओढते. तिला स्वतंत्र फ्यूज, जाड तार आणि सक्षम अल्टरनेटर लागतो. चौथा खळगा सहज नजरेआड होतो. मूळ गाडीत नियंत्रकाला वेगाची माहिती मिळत असते आणि वेग वाढला की तो साह्य कमी करतो. ती माहिती न मिळाल्यास मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग नको तितके हलके राहू शकते.

शिवाय वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होणे हे पुढच्या चाकांच्या मागे झुकलेल्या कोनावर अवलंबून असते. हाताने वळविण्याच्या जुन्या गाड्यांत हा कोन सहसा कमी ठेवलेला असतो. मोटार बसविल्यावर तो पुन्हा तपासला नाही, तर स्टेअरिंग वळणातच रेंगाळते.

कायदा काय म्हणतो?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुट्या भागांतून जीपसारखी छोटी गाडी बनविली. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने प्रशासन ती कधीतरी थांबवील, असेही सांगितले. जानेवारी 2022 मध्ये लोहार यांनी ती देऊन नवी बोलेरो स्वीकारली. कल्पकतेला दाद मिळाली, पण रस्त्यावर धावली ती कारखान्यातील गाडी.

यामागचे कारण स्पष्ट आहे. नव्या बनावटीच्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. नोंदणी झालेल्या जुन्या गाडीलाही मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लागू होते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून हत्यारे हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

अखेरची चाचणी

काम पूर्ण झाल्यावर बंदिस्त, सपाट मैदानात गाडी अगदी हळू चालवावी आणि साहाय्यकाला फक्त पॉवर स्टेअरिंगचा वीजपुरवठा तोडायला सांगावे. किल्ली मात्र काढू नये. त्याने स्टेअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो. साह्य गेल्यावर स्टेअरिंग जड होईल, पण ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळले पाहिजे आणि घरात जो कोणी ती गाडी चालविणार असेल, त्या प्रत्येकाला ते वळविता आले पाहिजे. तसे होत नसेल, तर ती गाडी अनमोडच्या उतारावर नेण्याजोगी झालेली नाही.