व्यायाम आणि मनाचे स्वास्थ्य

'व्यायाम' हा शब्द उच्चारताच तालमीतील लाल माती, जोर-बैठका, मल्लखांब आणि पिळदार दंड डोळ्यांसमोर येतात. व्यायामाचा संबंध आपल्याकडे प्रामुख्याने शरीराशी जोडला गेला. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात व्यायामाची फळे दिली आहेत: अंगी लाघव येते, काम करण्याचे सामर्थ्य वाढते, जठराग्नी प्रदीप्त होतो, मेद झडतो आणि शरीर रेखीव व घट्ट होते. या यादीत मनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि पहाटे तासभर चालून आलेल्या माणसास हे लाघव, म्हणजे हलकेपणा, केवळ हातापायांत जाणवत नाही.

हा अनुभव शास्त्राच्या कसोटीस उतरतो काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पन्नाशी ओलांडलेल्या व नैराश्याने ग्रासलेल्या १५६ व्यक्तींचे त्यांनी तीन गट केले. एका गटास औषध दिले, दुसऱ्याकडून आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घेतला, तर तिसऱ्यास दोन्ही दिले. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखी होती. औषधाचा गुण मात्र लवकर दिसला. पुढे सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा बऱ्या झालेल्यांपैकी व्यायामाच्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. या प्रयोगावर एक रास्त आक्षेप घेता येतो. तेथील व्यायाम सर्वांनी मिळून करावयाचा होता. मग गुण चालण्या-धावण्याचा किती आणि सोबतीचा किती? दोहोंचा वाटा असावा, असे मानणे अधिक समंजसपणाचे होईल.

नॉर्वेमध्ये सुमारे ३४ हजार प्रौढांचा अकरा वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रकाशित झाले. सर्वांनी आठवड्यातून केवळ एक तास व्यायाम केला असता, तर नैराश्याची सुमारे १२ टक्के प्रकरणे टळली असती, असा अंदाज संशोधकांनी वर्तविला. चिंतारोगाच्या बाबतीत मात्र असा संबंध त्यांना आढळला नाही. व्यायाम हा सर्व मनोविकारांवरील रामबाण उपाय आहे, असे सांगणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी.

व्यायामाने मन प्रसन्न का होते, याचे उत्तर बहुधा 'एंडॉर्फिन' या एका शब्दात दिले जाते. वेदना शमविणारी ही द्रव्ये शरीरातच तयार होतात. परंतु रक्तातील एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरू शकत नाही. २०१५ मध्ये जर्मनीत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत धावल्यानंतरच्या शांतपणाचे श्रेय वेगळ्याच द्रव्यांकडे गेले. गांजातील मादक द्रव्याशी साधर्म्य असलेली ही द्रव्येही शरीर स्वतःच निर्माण करते. याखेरीज मेंदूच्या घडणीतही फरक पडतो. वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये दिसून आले. दीर्घकाळच्या नैराश्यात हाच भाग आक्रसलेला आढळतो. शिवाय झोप सुधारते. ठरविलेली गोष्ट पार पडल्याचे समाधानही लाभते. खचलेल्या मनास ते लहानसे असले तरी मोलाचे असते.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या, विटा वाहणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या व्यक्तीस आणखी व्यायाम कशासाठी? शरीराला श्रम पुरेसे घडतात, हे खरे. परंतु फावल्या वेळी स्वेच्छेने केलेल्या हालचालींचा मनःस्वास्थ्याशी जितका निकट संबंध अभ्यासांत दिसतो, तितका पोटासाठी कराव्या लागणाऱ्या श्रमांचा दिसत नाही. कामात सक्ती असते, तीच तीच हालचाल असते, मजुरीची विवंचना असते. अशा व्यक्तीस आणखी घाम गाळण्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल. तिला गरज असते ती तिच्या स्वतःच्या अर्ध्या तासाची. तो तास मैत्रिणीसोबत चालण्यात जावो की फुगडीच्या फेरात, तो तिला मिळतो की नाही, हे बहुतांशी घरातील इतरांवर अवलंबून असते.

प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. भरभर चालणे त्यात मोडते. वाग्भटानेही व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनेच करावा, असे बजावले आहे. निराश व्यक्तीस मात्र अंथरुणातून उठणे हेच डोंगराएवढे वाटते. 'ऊठ, जरा फिरून ये' असे तिला दुरून सांगण्यापेक्षा चपला घालून तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाणे अधिक उपयोगी पडते.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्नावरची वासना उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर व्यायामावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. चालू असलेली औषधे, व्यायामाने बरे वाटू लागले तरी, डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत.